डाळीचा दोष नाही

मध्यरात्री पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू होतो. सांधा लालबुंद होऊन सुजतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. पुढे रक्ताच्या अहवालात युरिक अ‍ॅसिड वाढलेले दिसते आणि त्याच दिवशी घरातली तुरीची डाळ बंद होते. पाठोपाठ पालक, टोमॅटो, दही आणि आंबट म्हणून लिंबूसुद्धा. कितीतरी मराठी घरांत गाउटचा उपचार एवढाच असतो, आणि त्यापायी माणसे वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढतात.

शरीरातले बहुतेक युरिक अ‍ॅसिड आपल्याच पेशींच्या उलाढालीतून तयार होते; अन्नाचा वाटा साधारण एक तृतीयांश. गाउटच्या बहुतेक रुग्णांची खरी अडचण ही की त्यांचे मूत्रपिंड ते पुरेसे बाहेर टाकत नाही. म्हणूनच कडक पथ्य पाळूनही रक्तातला आकडा फार तर डेसिलिटरमागे एखाद्या मिलिग्रॅमने उतरतो. साधारण ६.८ च्या वर सांध्यात स्फटिक साचू लागतात. ज्याचा आकडा ९ आहे, त्याला नुसते पथ्य कसे पुरणार?

शिवाय पथ्यही चुकीच्या पदार्थांचे. अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांची १२ वर्षे नोंद ठेवून केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाउट अधिक आढळला. डाळी, कडधान्ये, पालक यांनी धोका वाढला नाही, आणि कमी स्निग्धांशाच्या दुधादह्याने तो कमीच दिसला. ज्यांच्या घरी प्रथिनांसाठी वरण आणि उसळ हाच मुख्य आधार आहे, त्यांच्या ताटातून तेच काढून घेणे अन्यायाचे आहे. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचा हिशेब वेगळा, तो डॉक्टरांनीच सांगायचा.) आवरायचे ते दारूला, त्यातही बिअरला, कलेजी, तारली, तिसऱ्या, रोजचे मटण आणि साखरेची शीतपेये यांना. निर्जळी उपवासही टाळावा. उपाशी, तहानलेल्या शरीरात युरिक अ‍ॅसिड वाढते आणि झटका येऊ शकतो.

वारंवार झटके येणाऱ्याला खरा आधार गोळीचा आहे. अ‍ॅलोप्युरिनॉल १९६६ पासून अमेरिकेत गाउटसाठी वापरात आहे. ते घडवणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना पुढे १९८८ चे नोबेल मिळाले. औषध स्वस्त आहे. रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरुवात करून, आकडा ६ च्या खाली येईपर्यंत ती हळूहळू वाढवायची आणि पुढे चालू ठेवायची. पण पहिल्या काही महिन्यांत साचलेले स्फटिक विरघळू लागतात, तेव्हा झटके उलट वाढू शकतात. ‘गोळीनेच त्रास वाढला’ म्हणत रुग्ण ती सोडतो, आणि औषध तिथेच वाया जाते. या काळात झटके रोखण्यासाठी सोबत तीन ते सहा महिने कोल्चिसिनची लहान मात्रा देतात. (हे कोल्चिसिन आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही असते. तिचा कंद घरी उगाळून घेण्याचे धाडस मात्र जिवावर बेतेल.) अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असताना झटका आला, तरी ते स्वतःहून बंद करू नये. अंगावर पुरळ उठले तर मात्र लगेच थांबवून डॉक्टर गाठावा.

याच्या अगदी उलट चालते ते मेडिकलच्या दुकानात. चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅकची पट्टी मिळते, दुखणे चार दिवसांत ओसरते, पुढच्या झटक्याला पुन्हा तीच पट्टी. गाउटच्या अनेक रुग्णांना आधीच रक्तदाब, मधुमेह असतो. जे मूत्रपिंड युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकायला कमी पडते, त्याच्यावरच या वेदनाशामकाचा मारा होतो. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवीच्या काही गोळ्यांनीही युरिक अ‍ॅसिड वाढते, हेही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आणि ज्याला एकदाही झटका आलेला नाही, केवळ तपासणीच्या पॅकेजमध्ये आकडा वाढलेला दिसला, त्याला बहुधा गोळी लागतच नाही. प्रत्येक टाचदुखीचा ठपकाही युरिक अ‍ॅसिडवर ठेवायला नको.

डॉक्टरांकडे मागणे एवढेच. गाउटच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावाखाली ‘युरिक अ‍ॅसिड ६ च्या खाली’ असे मराठीत लिहावे, पुढच्या रक्ततपासणीची तारीख घालावी, आणि पहिल्या महिन्यांत पुन्हा ठणका येऊ शकतो, तेव्हा गोळी सोडायची नाही, हे रुग्णासोबत आलेल्या माणसालाही समोर बसवून सांगावे.