अनाहत नादाचे नवे उपासक

आपल्या शास्त्रकारांनी नादाचे आहत आणि अनाहत असे दोन प्रकार सांगितले आहेत. आघातावाचून उत्पन्न होणारा, कर्णेंद्रियास अगोचर असा तो अनाहत. आणि तो ऐकण्याचा अधिकार केवळ योग्यांस असतो, अशी आजवर आमची समजूत होती. ती समजूत आता सोडून द्यावी लागत आहे. २०२५ सालच्या जुलै महिन्यात नितेश तिवारी यांच्या 'रामायण' या चित्रपटाची पहिली झलक प्रसिद्ध झाली. संगीतकार म्हणून हान्स झिमर आणि ए. आर. रहमान ही दोन नावे एकाच पंक्तीत झळकली. पहिला भाग २०२६ च्या दिवाळीत आणि दुसरा त्यापुढल्या दिवाळीत येणार, असे त्याच वेळी सांगण्यात आले होते. म्हणजे चित्रपट पडद्यावर येण्यास सव्वा वर्षाहून अधिक अवकाश होता. परंतु आमच्या सुशिक्षित घरांतून, चहाच्या टेबलापासून आगगाडीच्या डब्यापर्यंत, त्या संगीताच्या गुणदोषांचा निकाल आठवड्याभरातच लागून गेला. कोणी म्हणाले, झिमर यांचे पितळी कर्णे अयोध्येस शोभणार नाहीत. कोणी म्हणाले, ते लंकेस तरी शोभतील. युद्ध एकाकडे आणि भक्ती दुसऱ्याकडे अशी वाटणीही काहींनी परस्पर करून टाकली. सूर मात्र त्यांपैकी कोणाच्याही कानी पडलेला नव्हता. असे श्रवणसामर्थ्य योग्यांसही हेवा वाटावा असेच होय!

हे सर्व निरुपद्रवी आहे, हौशी लोकांचा विरंगुळा आहे, त्यावर लेखणी झिजविण्याचे कारण काय, असे आमचे काही मित्र विचारतील. आमचे म्हणणे असे की, हा विरंगुळा निरुपद्रवी मुळीच नाही. चित्रपटसंगीताविषयी बोलण्याची जी एकमेव रीत आता सुशिक्षितांत उरली आहे, ती हीच आहे. संगीतकाराच्या हाती पुढे कोणकोणती चित्रे आहेत, कोणाने कोणाशी करार केला, किती पारितोषिके झाली, वाद्यवृंदात किती वादक बसविले, याची याददाश्त म्हणजेच रसिकता, असे समीकरण होऊन बसले आहे. अजय-अतुल यांच्या 'सैराट'चे (२०१६) पाश्चात्य धर्तीचे वाद्यसंगीत हॉलिवूडात जाऊन ध्वनिमुद्रित झाले, ही गोष्ट आमच्या ओळखीच्या शंभरांतील नव्वदांस मुखोद्गत आहे. तो वाद्यवृंद त्या गाण्यांत नेमका कोठे शिरतो, कोठे माघार घेतो, आणि करमाळ्याकडच्या शिवारात त्या व्हायोलिनांचे काय प्रयोजन आहे, हा प्रश्न त्या नव्वदांपैकी दहांनी तरी मनाशी केला असेल काय? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चित्रपटाच्या अखेरच्या प्रसंगी, ते लहान मूल रक्ताची पावले उमटवीत बाहेर येते तेव्हा, त्या सगळ्या वाद्यमेळाचे काय होते? तेथे वाद्ये गप्प आहेत. सबंध चित्रात आम्हांस सर्वांत अधिक ऐकू आले ते तेच; पण त्या मौनाचे ध्वनिमुद्रण हॉलिवूडात झालेले नसल्यामुळे त्याची गणना कोणी करीत नाही.

पूर्वीचे लोक नव्या नाटकाची वाट पाहत नसत काय, असा प्रतिप्रश्न आम्हांस हटकून केला जातो. पाहत असत. १९११ साली 'मानापमान' रंगभूमीवर आले, तेव्हा गोविंदराव टेंबे यांच्या चाली ऐकावयास लोक किती उत्कंठित झाले होते, हे सर्वविदित आहे. परंतु तेथे उत्कंठा आधी आणि तोंडपाठ करणे मागून, असा क्रम होता. पद ऐकले, ते घरी पेटीवर काढून पाहिले, जमले नाही म्हणून पुन्हा तिकीट काढले. त्यातून चालीविषयी जे मत बनले, त्यास बोटांचा आणि गळ्याचा आधार होता. आजच्या उत्कंठेस पुढचा अंकच नाही. चित्र आले, पाहून झाले, की दुसऱ्या दिवशी चर्चा त्याच्या पुढच्या चित्राकडे वळते. ऐकण्याची जी एकच घटिका यावयाची, ती दोन अपेक्षांच्या मध्ये चेपून जाते.

या मंडळींत दोन पंथ आहेत. पहिला भक्तांचा. त्याविषयी अधिक लिहिण्यात अर्थ नाही. भक्तीस प्रमाण लागत नाही. दुसरा पंथ पाखंड्यांचा, आणि तो स्वतःस फार चतुर समजतो. झिमर स्वतः काही लिहीत नाहीत, सांता मोनिका येथे त्यांचा एक कारखानाच आहे, तेथे शिष्यवर्ग सूर पाडतो आणि धनी शिक्का मारतो, असे हा पंथ सांगतो. यात तथ्य अगदीच नाही असे नव्हे. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' (२००३) या चित्राचे संगीत क्लाउस बाडेल्ट यांच्या नावे असून त्यामागे झिमर आणि त्यांचे अनेक सहकारी होते, ही गोष्ट लपलेली नाही. 'द डार्क नाइट'च्या (२००८) वेळी तर मोठाच पेच पडला. संगीताच्या नोंदपत्रावर झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांच्या जोडीस आणखी तिघांची नावे होती, एवढ्यासाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीने ते संगीत प्रथम अपात्र ठरविले, आणि मागाहून तो निर्णय फिरविला. सहकाऱ्यांची नावे कागदावर लिहिण्याचा प्रामाणिकपणा केला म्हणून ही आपत्ती ओढवली, हे लक्षात घ्यावे. नावे गाळली असती तर काहीच अडचण नव्हती!

पण आमचा या पाखंडी पंथास एक प्रश्न आहे. आपण ज्यांच्या नावाने हळहळता, त्या हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णयुगात स्वरलेखन कोण करीत होते? शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील ज्या वाद्यमेळावर आपण लुब्ध आहात, तो रचणारे सेबास्टियन डिसूझा गोव्याचे. अँथनी गोन्साल्व्हिस हेही गोव्याचेच, माजोर्ड्याचे. त्यांनी प्यारेलाल यांस व्हायोलिन शिकविले, आणि १९५८ साली आपल्या रागसंगीतास पाश्चात्य वाद्यवृंदाचा साज चढविण्याचा घाट मुंबईत घातला. तथापि सामान्य रसिकास त्यांचे नाव कसे ठाऊक झाले? 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रात शिष्याने गुरूचे नाव एका विनोदी गाण्यात गोवले म्हणून! लोकांनी त्या नावावर ताल धरला आणि ते नाव कोणा जिवंत माणसाचे असेल, ही शंका पुष्कळांस कित्येक वर्षे शिवलीही नाही. चर्चमधल्या शाळांत स्वरलिपी शिकून मुंबईत आलेल्या या गोमंतकीयांनी दिवसा ध्वनिमुद्रणाच्या दालनात आणि रात्री हॉटेलांत वाजवून आमच्या तीन पिढ्यांचे कान घडविले. त्यांचा कारखाना नव्हता, त्यांस नोंदपत्र नव्हते, आणि श्रेयनामावलीत बहुधा जागाही नव्हती. सांता मोनिकातील शिष्यांच्या अन्यायाने ज्यांचे अंतःकरण विदीर्ण होते, त्यांनी माजोर्ड्याचा रस्ताही एकदा विचारावा. रहमान यांनी आपल्या ध्वनिफितींच्या वेष्टनांवर वादकांची नावे देण्याचा आग्रह धरला, याबद्दल त्यांची स्तुती त्यांच्या पारितोषिकांच्या शतांशानेही होत नाही, हेही येथेच नमूद करून ठेवतो.

तात्पर्य, सूर कोणाच्या हातून कागदावर उतरला हा हिशेबाचा आणि न्यायाचा प्रश्न आहे, आणि तो अवश्य विचारावा. पण तो सूर तेथे का आहे, हा रसिकतेचा प्रश्न आहे, आणि तो दोन्ही पंथ विचारीत नाहीत.

आता आम्ही आमच्या मुख्य तक्रारीकडे येतो. चित्रपटाची जुळणी चालू असता दिग्दर्शक आणि संकलक दुसऱ्याच कोठल्या तरी चित्राचे संगीत तात्पुरते लावून काम करितात. आठवडेच्या आठवडे तेच ऐकल्यावर ते त्यांच्या कानांत मुरते, आणि मग संगीतकारास सांगितले जाते की, याच्यासारखे दे, पण हे देऊ नकोस. १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी ॲलेक्स नॉर्थ यांनी संगीत लिहिले, ध्वनिमुद्रितही केले. स्टॅन्ली कुब्रिक यांनी आधी लावून ठेवलेल्या श्ट्राउस आदिकरून मंडळींच्या रचनाच कायम ठेविल्या; आणि आपल्या संगीतातला एक सूरही चित्रात नाही, हे नॉर्थ यांस समजले ते चित्र पाहावयास बसल्यावर. कुब्रिक यांची निवड चुकली असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ते चित्र तसेच जगास मान्य झाले आहे. पण तो मुरलेल्या कानाचा विजय होता, हे कबूल केले पाहिजे. नॉर्थ यांची ती रचना लोकांस ऐकावयास मिळाली १९९३ मध्ये, त्यांचे मित्र जेरी गोल्डस्मिथ यांनी ती वाजवून घेतली तेव्हा. नॉर्थ त्यापूर्वीच, १९९१ साली, वारले होते.

'ट्रॉय'ची (२००४) कथा आमच्या विषयास याहूनही जवळची आहे. गाब्रिएल यारेद यांनी त्या चित्रावर वर्षभर परिश्रम केले. चित्र पुरे होण्यापूर्वी ते नमुन्यादाखल काही प्रेक्षकांस दाखविण्यात आले. संगीत जुन्या वळणाचे वाटते, असा शेरा त्यांनी दिला. आणि यारेद यांचे सगळे काम बाजूस सारून जेम्स हॉर्नर यांजकडून अवघ्या काही दिवसांत दुसरे संगीत करून घेण्यात आले. येथे कुब्रिकसारखा कोणी हट्टी कलावंत नव्हता. प्रेक्षक होता! ज्या प्रेक्षकाने मागच्या चार चित्रांत जे ऐकले तेच पाचव्यात ऐकावयाचे ठरविले होते, त्याच्या एका शेऱ्याने वर्षभराची मेहनत वाया गेली. 'इन्सेप्शन'मध्ये (२०१०) झिमर यांनी कथेस धरून एक युक्ती योजिली: एडिथ पियाफ यांच्या एका गीताचे सूर संथ करून त्यांतून पितळी वाद्यांचा तो धीरगंभीर हुंकार घडविला, स्वप्नातील काल लांबतो, म्हणून सूरही लांबला. युक्तीस अर्थ होता. पुढे कित्येक वर्षे जो तो चित्रपट, आणि विशेषतः प्रत्येक चित्रपटाची जाहिरात, तोच हुंकार देऊ लागली. तेथे ना स्वप्न, ना काल, नुसता हुंकार. त्यास कारण संगीतकारांचे दारिद्र्य तर होतेच. पण 'झिमरसारखे हवे' अशी मागणी करणारे आमचे हेच चहाते त्याचे भागीदार होते. आगामी संगीताविषयीची प्रत्येक पैज ही त्या संगीताने मागल्यासारखे असावे यासाठी घातलेली गळच असते.

यावर एक जुने वचन आमच्या तोंडावर फेकण्यात येते: जे पार्श्वसंगीत लक्षात येत नाही तेच उत्तम. मग ऐकण्याचा एवढा अट्टहास कशास? हे वचन आळशी कानांनी आपल्या सोयीसाठी काढलेले आहे, असे आम्हांस वाटते. 'सायको'तील (१९६०) स्नानगृहाच्या प्रसंगास संगीत नको, असा हिचकॉक यांचा प्रथम बेत होता. बर्नार्ड हरमन यांनी तरीही ते लिहिले, केवळ तंतुवाद्यांवर लिहिले, आणि हिचकॉक यांनी ते ऐकून आपला बेत बदलला. ते लक्षात येत नाही, असे म्हणणारा मनुष्य आम्ही पाहिलेला नाही. उलटपक्षी, आमच्याच प्रभातच्या 'कुंकू'त (१९३७) शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत म्हणून वाद्ये वापरलीच नाहीत. केशवराव भोळे यांच्यासारखा कसलेला संगीतज्ञ हाताशी असता, आणि शांता आपटे यांच्यासारखी गायिका पडद्यावर असता! घरातील आणि रस्त्यावरील आवाज हेच त्या चित्राचे पार्श्वसंगीत. नीरेच्या घुसमटीस व्हायोलिनची सांत्वना मिळत नाही. प्रेक्षकासही मिळत नाही. आणि त्यामुळेच ती घुसमट अंगावर येते. हरमन यांचा आक्रोश आणि 'कुंकू'चे मौन, दोन्ही नीट ऐकणाऱ्यासाठीच आहेत. त्या चित्रास येत्या काळात शंभर वर्षे पुरी होतील. त्यातील मौनावर आमच्या किती घरांतून एकदा तरी बोलणे झाले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

सरकारी पातळीवर हा भेद थोडाफार ओळखला गेला आहे. २००९ सालच्या चित्रांपासून राष्ट्रीय पुरस्कारांत गाणी आणि पार्श्वसंगीत यांचा स्वतंत्र विचार सातत्याने होऊ लागला, आणि पार्श्वसंगीताचा त्या वर्षीचा मान 'पळश्शी राजा'साठी इळयराजा यांस मिळाला. रहमान यांसही 'पोन्नियिन सेल्वन'च्या पहिल्या भागासाठी (२०२२) हाच मान लाभला. पण त्या संगीताने चोळांच्या कथेत काय केले, हे सांगू शकणारा गृहस्थ दुर्मिळ. तो कितवा पुरस्कार होता, हे सांगणारे पैशाला पासरी!

तेव्हा 'रामायणा'च्या संगीताविषयी ज्यांस बोलावयाचेच असेल, त्यांनी चित्रपटगृहात बसून काही थोड्या गोष्टी टिपून ठेवाव्यात. वनवासास निघताना दशरथाच्या महालात वाद्ये वाजतात की नुसती पावले? रावणास स्वतंत्र सूर दिला आहे काय, आणि दिला असल्यास सीता एकटी असताना तो पडद्याआडून येतो काय? झिमर कोठे संपले आणि रहमान कोठे सुरू झाले, हे कानास कळते की केवळ जाहिरातीस? आणि दोन्ही संगीतकार मिळून कोणता प्रसंग मोकळा सोडतात? मग शेवटी नामावली सुरू झाली म्हणजे खुर्चीतून उठू नये. आपल्या चित्रपटगृहांत पहिले नाव वर सरकण्यापूर्वीच दिवे लागतात, दारे उघडतात, केरसुणी घेऊन माणसे आत येतात. त्या उजेडात वादकांची, स्वरलेखकांची आणि साहाय्यकांची नावे कशीबशी पडद्यावरून जातात, आणि ज्यांस बाहेर पडल्यावर हे संगीत खरोखर कोणी लिहिले असा वाद घालावयाचा असतो, ते त्या वेळी जिन्यात असतात.