‘कॉम्बो’ म्हणजे फुकट नव्हे

पाटणच्या बाजारात किराणा दुकानातही आता ‘कॉम्बो पॅक’ अशी चिठ्ठी दिसते. पुष्कळजणी त्याचा अर्थ ‘एकावर एक फुकट’ असा घेतात. तसे नाही. ‘कॉम्बिनेशन’ या इंग्रजी शब्दाचे हे आखूड रूप. वेगवेगळ्या वस्तू एकत्र बांधल्या, एवढाच त्याचा अर्थ. साबण आणि तेल एकत्र म्हणजे कॉम्बो. एकाच साबणाच्या चार वड्या एकत्र म्हणजे मल्टिपॅक. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्येही हा भेद केलेला आहे. स्वस्ताईचे वचन मात्र दोन्ही शब्दांत नाही.

समजा, साबण ३० रुपयांना, तेलाची बाटली ८० ला आणि कॉम्बो १०० ला आहे. दहा रुपये वाचले खरे. पण घरात तेल असेल आणि साबणच हवा असेल, तर ७० रुपये जादा गेले. रोजंदारीच्या घरात तेवढ्यात मुलांच्या वह्या येतात.

म्हणून आम्ही सांगतो, आधी गरज पाहा, मग सुट्या किमतींची बेरीज करा. शाळेत जाणाऱ्या मुलीलाच ती करू द्या. छापील किमतीहून जादा पैसे कोणी मागितले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तो लिहून ठेवा.