क्लच घसरतो तेव्हा

गिअर जितक्या झटक्यात बदलेल तितका चालक तरबेज, असा समज आमच्या उल्हासनगर-अंबरनाथच्या तरुण मंडळींत आहे. मला तो घातक वाटतो. २०१२ साली दिल्लीच्या वाहन-प्रदर्शनात झळकलेल्या दिलीप छाब्रियांच्या 'अवंती'सारखी स्पोर्ट्‌स कार असो वा साधी मोटार, इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे सोपवते ती क्लचप्लेटच. ॲक्सिलरेटर दाबलेलाच ठेवून घाईने गिअर बदलत राहिले, की ती घसरते, तापते, झिजते. मग इंजिन ओरडते. वेग मात्र वाढत नाही. बदलापूरच्या रस्त्यावर ट्रकला मागे टाकताना हे घडले, तर समोरून येणारी बस आपली ऐट पाहायला थांबेल काय? तरबेजपणा मोजायचाच, तर क्लचप्लेट किती वर्षे टिकली यावरून मोजावा.