निर्माता की कार्यक्रमकार?

‘निर्माता’ म्हटले की आपल्याकडे पैशाची थैलीच आठवते. ही चित्रपटसृष्टीने लावलेली सवय. माहितीपर दूरचित्रवाणीत मात्र विषयाच्या शोधापासून संकलनापर्यंत सारी जबाबदारी निर्मात्याची. आपण ज्यांना केवळ निवेदक समजतो, ते डेव्हिड ॲटनबरो १९५२ मध्ये बीबीसीत शिरले ते पडद्यामागे. १९५४ च्या ‘झू क्वेस्ट’चे ते निर्माते होते, प्राणिसंग्रहालयाचे जॅक लेस्टर आजारी पडले म्हणून त्यांना पडद्यावर यावे लागले. पुढे वरिष्ठ अधिकारपद सोडून ते पुन्हा कार्यक्रमांकडेच वळले. १९७९ ची ‘लाइफ ऑन अर्थ’ त्यानंतरची.

श्रेयनामावलीतला ‘निर्माता’ बेळगावच्या मुलाला धनिकच वाटणार असेल, तर हा पेशा त्याने निवडावा कसा? आम्ही ‘कार्यक्रमकार’ सुचवतो. नाटककारांच्या पंक्तीत तो अवघडणार नाही.