अंगठा उठवण्याआधी विचारा

पोरगे गप्प बसते, रात्र रात्र झोपत नाही, म्हणून दिग्रसचे आईबाप मजुरी बुडवून त्याला यवतमाळ-नागपूरला दाखवायला नेतात. तिथे कुणी कागद पुढे करून 'नवीन औषध आहे, फुकट मिळेल' म्हटले, तर आपण लगेच अंगठा उठवतो. माता-भगिनींनो, जरा थांबा.

मुलांवर चाचणीच नको, असे आम्ही म्हणत नाही. मोठ्यांचे औषध अंदाजाने मुलांना देणे हाही प्रयोगच. पण चाचणी प्रामाणिक हवी. अमेरिका-कॅनडात १९९४ ते १९९८ या काळात २७५ किशोरवयीन मुलांवर नैराश्यावरच्या पॅरोक्सेटिन गोळीची चाचणी झाली. गोळी गुणकारी व सुरक्षित आहे, असे २००१ साली छापून आले. मूळ कागदपत्रे पुन्हा तपासून २०१५ साली निष्कर्ष निघाला : गुण नाही, उलट आत्महत्येच्या विचारांचा धोका.

आपल्याकडे २०१९ च्या नियमांनुसार पालकांची लेखी संमती लागते. समजत्या मुलाचीही वेगळी सही लागते. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते.

म्हणून विचारा : हा उपचार की चाचणी? धोका काय? नाही म्हटले तर नेहमीचा उपचार मिळेल ना? चालू गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

गरिबी म्हणजे संमती नव्हे.