पराभूताचा हक्क

स्पर्धा मोठी कशाने होते, असा प्रश्न आपल्याकडील कोणत्याही क्रीडामंडळाच्या कार्यकारिणीस विचारला, तर बहुधा एकच उत्तर मिळते: बक्षिसाची रक्कम वाढवा, एखाद्या नामांकित खेळाडूस पाचारण करा, वर्तमानपत्रात छायाचित्र येईल अशी तजवीज करा, म्हणजे गर्दी आपोआप जमते. या उत्तरात तथ्य नाही असे नाही; परंतु अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्ग शहरी, पिनबॉलसारख्या बराच काळ बदनाम राहिलेल्या खेळाची ‘पिनबर्ग’ नामक जी स्पर्धा वाढत वाढत सन २०१९ मध्ये एक हजार स्पर्धकांपर्यंत जाऊन पोहोचली, तिची रचना बारकाईने पाहिली असता या उत्तराचा अपुरेपणा ध्यानी येतो. त्या हजारांपैकी निदान नऊशे जणांना आपण जिंकणार नाही हे घरून निघतानाच ठाऊक असणार. तरीही प्रवेशपत्रिका विक्रीस निघाल्यापासून काही मिनिटांतच संपून जात. हे नऊशे लोक कशासाठी येत होते, याचा विचार स्पर्धा भरविणाऱ्यांनी करावयास हवा.

मराठी वाचकांपैकी पुष्कळांचा पिनबॉलशी परिचय झाला तो कचेरीतील संगणकावर, विंडोजबरोबर फुकट मिळणाऱ्या खेळाच्या रूपाने, आणि तोही साहेब जागेवर नसताना. प्रत्यक्षातले यंत्र म्हणजे काचेखालची एक उतरती फळी, तीवर दांड्याच्या धक्क्याने वर सोडलेली सुमारे ऐंशी ग्रॅम वजनाची पोलादी गोळी, आणि ती खाली ओघळून नाहीशी होऊ नये म्हणून बोटाने उडवावयाच्या दोन फ्लिपर नामक पात्या. शिकागोच्या गॉटलिब कंपनीने या पात्या आणल्या सन १९४७ मध्ये. त्यापूर्वी गोळी सोडल्यावर यंत्रास धक्के देण्यापलीकडे खेळणाराच्या हाती फारसे काही नसे, आणि म्हणून न्यूयॉर्कचे नगराध्यक्ष ला गार्डिया यांनी सन १९४२ मध्ये हा जुगार ठरवून त्यावर बंदी घातली व जप्त केलेली यंत्रे घणाने फोडविली, ती कारवाई त्या काळाच्या मानाने सर्वस्वी अविचारी म्हणता येणार नाही. अविचार झाला तो पुढे, पात्या आल्यानंतरही तो हुकूम जवळजवळ तीन दशके कायम ठेवण्यात. सन १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराने नगरपरिषदेच्या सभासदांसमोर यंत्र मांडून, गोळी कोणत्या मार्गाने उतरेल हे आधी सांगून तशी ती उतरवून दाखविली, तेव्हा कुठे बंदी उठली. बक्षीसस्पर्धांच्या खटल्यात कौशल्य कोठे संपते आणि दैव कोठे सुरू होते याचा निवाडा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच, चमारबागवाला प्रकरणात, केला होता. पण तेथे कायद्याचा कीस निघाला, येथे एका गोळीने काम भागले.

या बदनामीमुळे संघटित स्पर्धेची परंपरा उशिरा रुजली. स्टीव्ह एपस्टाइन या न्यूयॉर्कमधील खेळघरचालकाने शार्प यांच्या साहाय्याने ‘पापा’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाणारी संस्था उभी केली आणि सन १९९१ मध्ये तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरली. कालांतराने हे बिऱ्हाड पिट्सबर्गच्या परिसरात हलले. सन २००४ च्या सप्टेंबरात आयव्हन वादळाच्या महापुरात संस्थेचा यंत्रसंग्रह पाण्याखाली गेला, तरी चालकांनी तो पुन्हा जमविला. पिनबर्ग ही याच संस्थेची, सन २०११ पासून नव्या स्वरूपात सुरू झालेली स्पर्धा. सन २०१५ मध्ये ती पिट्सबर्गच्या भव्य अधिवेशनगृहात गेली आणि मग तिचा विस्तार झपाट्याने झाला.

तिची रीत अशी. चार खेळाडूंचा एक गट आणि त्याच्या वाट्याला चार यंत्रे, त्यांत एखादे जुन्या विद्युत्‌यांत्रिक जमान्यातले, एखादे संगणकयुगाच्या आरंभीचे, एखादे अगदी अलीकडचे. प्रत्येक यंत्रावर चौघांनी एकेक डाव खेळावयाचा. पहिल्यास तीन गुण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक आणि चौथ्यास शून्य. जुन्या यंत्रावर हजारांत मोजली जाणारी गुणसंख्या नव्यावर कोट्यवधींत जाते, पण येथे केवळ अनुक्रम धरला जात असल्याने हा विसंवाद मिटतो, आणि शिवाय प्रत्येक यंत्रापाशी आकडे टिपणारा कारकून उभा करण्याची गरजही उरत नाही. कोण कितवा आला हे चौघेच नोंदवितात. अशा पाच फेऱ्या पहिल्या दिवशी, पाच दुसऱ्या दिवशी, म्हणजे एकूण चाळीस डाव. पहिल्या दिवसाच्या निकालावरून खेळाडूंच्या श्रेणी पाडल्या जात आणि प्रत्येक श्रेणीस स्वतंत्र अंतिम फेरी व स्वतंत्र बक्षिसे असत. वरच्या मानांकनाच्या खेळाडूने मुद्दाम ढिला खेळ करून खालच्या श्रेणीतील बक्षीस लाटू नये, यासाठी त्याला तेथे उतरण्याची मनाई असे.

या योजनेत मला सर्वांत मोलाची वाटते ती एकच गोष्ट: पहिल्या दोन दिवसांत जितके डाव भावी विजेत्यास मिळत, तितकेच सर्वांत शेवटी येणाऱ्यासही मिळत. आपल्याकडे गणेशोत्सवातील कॅरमस्पर्धेपासून तालुक्याच्या कबड्डीपर्यंत बाद पद्धतीचे एवढे प्रस्थ आहे, की पहिल्या फेरीतच निम्मे स्पर्धक पिशवी उचलून घरी जातात आणि उरलेला दिवस त्यांनी दिलेल्या प्रवेशशुल्कावर इतरेजन खेळतात, हे कोणास खटकतही नाही. बुद्धिबळाने या अन्यायावर तोड काढली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. झुरिक येथे सन १८९५ मध्ये प्रथम योजलेल्या स्विस पद्धतीत कोणी बाद होत नाही आणि समान गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येत जातात. पिनबर्गने तेच तत्त्व चौघांच्या गटास लावले. पाचव्या फेरीपर्यंत नवख्याची गाठ बहुधा नवख्याशीच पडू लागे, आणि जो सकाळी जगज्जेत्याच्या शेजारी उभा राहून बारा-शून्य हरला तो दुपारी आपल्या तोडीच्या माणसाशी अटीतटीने लढून कदाचित जिंकतही असे.

अर्थात ही समता कागदावर मांडणे सोपे, तिची अंमलबजावणी कठीण. एका यंत्रावर एका डावात चौघेच सामावतात, तेव्हा हजार माणसांना एकाच वेळी खेळवावयाचे तर अडीचशे यंत्रे चालू स्थितीत हवीत, शिवाय राखीव वेगळी. आणि यांतील कित्येक यंत्रे चाळीस-पन्नास वर्षे वयाची, ज्यांचे सुटे भाग शोधत हिंडावे लागतात अशी. त्यात पुढील फेरीचे गट मागील फेरीच्या निकालावर अवलंबून, म्हणून एखादा कसलेला खेळाडू नव्या यंत्रावर पाऊण तास गोळी जिवंत ठेवून उभा राहिला, की सारे सभागृह खोळंबते. यावर उपाय म्हणून यंत्रे मुद्दाम कठीण केली जातात. जादा गोळीची सवलत बंद होते, कडेच्या पन्हळींच्या तोंडावरील रबरी आडोसे काढून गोळीला बाहेर पडण्याची वाट मोकळी करून दिली जाते, आणि यंत्राच्या पोटात दाराशी एका कड्याच्या मधोमध जो लहानसा ओळंबा लोंबत असतो, तो अशा बेताने बसविला जातो की किंचित जोराचा धक्का बसताच कड्याला टेकून विद्युत्‌मंडल पुरे व्हावे व चालू गोळी रद्द व्हावी. बघणाऱ्यास हा कठोरपणा वाटतो. वस्तुतः ती वेळेची काटकसर असते.

आणि यंत्र म्हटले की तंटा आलाच. गोळी कोठे अडकली तर खेळणाऱ्याने हात वर करून पंचाची वाट पाहावयाची. पंच किल्ली घेऊन येतो, पुढचे दार उघडतो, काच सरकवितो, आणि गोळी उचलून वर धरलेल्या पातीवर ठेवून देतो. दिवा विझला, घंटा वाजली नाही, एखादे लक्ष्य लागूनही गुण पडले नाहीत, अशा बिघाडास गौण मानून खेळ पुढे चालू राहतो. मात्र यंत्राच्या दोषामुळे गोळीच गमावली गेली तर ती भरून द्यावी लागते. पहिली गोष्ट गौण आणि दुसरी गंभीर का, याचा खुलासा नियमांत स्पष्ट लिहिलेला असतो, आणि पंच स्वतः त्याच गटात खेळत असेल तर निवाडा दुसऱ्याने करावयाचा हा साधा शिष्टाचार. ज्या स्पर्धा एका गावाच्या पलीकडे गेल्या नाहीत त्यांपैकी पुष्कळ अशा लेखी जाबत्याच्या अभावी खुंटल्या, असे माझे मत आहे. हरलेला मनुष्य पराभव पचवितो, पण माणूस पाहून दिलेला निवाडा पचवीत नाही.

याच संस्थेच्या अजिंक्यपद स्पर्धेत दुसरी रीत होती: प्रत्येक प्रयत्नास निराळे शुल्क, हवे तितके प्रयत्न विकत घ्यावेत, आणि सर्वोत्तम प्रयत्न हिशेबात धरला जावा. यामुळे बक्षिसाचा निधी फुगतो आणि खेळाडूस आपल्या सोयीने येता येते, हे मान्य. पण ज्याचा खिसा भरलेला त्याला पुनःपुन्हा संधी आणि शिकाऊ पोराला एकच, ही व्यवस्था पिनबॉलला जुगार म्हणणाऱ्या जुन्या फिर्यादीस उगाच पुष्टी देते. पिनबर्गचे शुल्क सर्वांना सारखे, डाव सर्वांना सारखे. तिची वाढ किती झाली हे वर सांगितलेच आहे. सन २०२० ची पिनबर्ग महामारीमुळे रद्द झाली आणि ती भरविणाऱ्या रीप्ले फाउंडेशनने आपला कारभार आवरता घेतला. तो दोष रचनेचा नव्हता.

आज या खेळाचे दप्तर आंतरराष्ट्रीय फ्लिपर पिनबॉल संघटनेकडे आहे, जिचे सन २००६ मध्ये शार्प यांच्याच जॉश व झॅक या मुलांनी पुनरुज्जीवन केले. स्पर्धकांची संख्या, त्यांचा दर्जा आणि प्रत्यक्ष खेळले गेलेले डाव पाहून ती गुण ठरविते. हे गुण पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी पाऊण आणि तिसऱ्या वर्षी निम्मे धरले जातात, त्यामुळे जुन्या कीर्तीवर कोणास बसून खाता येत नाही. एखाद्या मद्यगृहाच्या कोपऱ्यातील तीन यंत्रांवर भरणारी साप्ताहिक स्पर्धादेखील या जागतिक यादीत नोंदली जाते, आणि खेळाच्या प्रसारास या एका सोयीने जेवढे बळ दिले तेवढे कोणत्याही बक्षिसाने दिले नसेल. परंतु सन २०१८ पासून अमेरिका व कॅनडातील अशा प्रत्येक स्पर्धेच्या चालकाकडून दर स्पर्धकामागे एक डॉलर वसूल होऊ लागला, आणि तो मुख्यतः राज्य पातळीवरील अजिंक्यपदाच्या बक्षिसांकडे जातो. एक डॉलर ही रक्कम क्षुल्लक खरी. पण दर आठवड्यास वीस माणसे जमविणाऱ्या चालकास वर्षाकाठी हजारावर डॉलर पाठवावे लागतात, आणि त्यांतून लाभ होतो तो वर्षअखेरीस पात्र ठरणाऱ्या मोजक्यांचा. सामान्य खेळाडूंनी त्यावेळी या आकारणीबद्दल कुरकुर केली ती कंजुषपणाची नव्हती. जो खेळ त्यांच्या उपस्थितीवर उभा आहे त्यात त्यांच्याकडूनच कर घेऊन वरच्यांची ताटे वाढणे अन्यायाचे आहे. संघटनेने या डॉलरपैकी निदान अर्धा स्थानिक चालकाकडे यंत्रदुरुस्तीसाठी राहू द्यावा.