चौतीस इंचांचं सोवळं

मंडळी, आज भांडायचं आहे. ज्यांना भांडण नको त्यांनी मागची लोणच्याची पोस्ट पुन्हा वाचावी. :-)

झालं असं, की गौरीच्या जेवणाला नेहमीची सगळी जमली होती. जेवणं झाली, पानं दिली आणि माझा भाचा कोपऱ्यातली माझी नवी बेस गिटार उचलून म्हणाला, "मावशी, हे काय खेळणं घेतलंस? ही तर शॉर्ट स्केल! लहान मुलांची असते ही." सगळे हसले. मीही हसले, कारण हातात खरकटी ताटं होती आणि त्या अवस्थेत माणूस वाद घालू शकत नाही. पण आठ दिवस डोक्यात तेच घोळतंय. भाच्या, तू हे वाचतोस मला माहीत आहे. तेव्हा ऐक.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तार वरच्या नटापासून खालच्या ब्रिजपर्यंत जेवढी मोकळी वाजते, त्या लांबीला स्केल म्हणतात. नेहमीच्या बेसची ही लांबी ३४ इंच असते. माझी ३० इंच आहे. सगळा वाद या चार इंचांचा. भावकीत बांधावरून खून पडतात ते याहून जास्त जमिनीसाठी पडत असावेत.

आता हे ३४ आले कुठून? वेदांतून नाही. १९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाच्या गृहस्थांनी प्रिसिजन बेस बाजारात आणली, तिचं स्केल ३४ इंच होतं. ती चालली, लोकांनी तिची नक्कल केली, आणि नकलेचा नियम झाला. पण त्याच काळात दुसरेही होतेच की. गिब्सनची १९५३ ची बेस साडेतीस इंचांची होती. जर्मनीतल्या हॉफनरची व्हायोलिनच्या आकाराची बेस साधारण ३० इंचांची. म्हणजे दोन्ही मापं पहिल्यापासून शेजारी नांदत आलीत. पुढे १९६६ मध्ये फेंडरनीच ३० इंची मस्टँग बेस काढली आणि ती शिकाऊ मुलांसाठी म्हणून खपवली. तिथून हा 'लहान मुलांची' शिक्का घट्ट बसला असावा असं मला वाटतं. दुकानदारानं लावलेली चिठ्ठी आपण शास्त्र म्हणून वाचतोय.

आणि कुणी वाजवली ही खेळणी? पॉल मॅकार्टनीनं १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये हॉफनर घेतली. बीटल्सचा तो गच्चीवरचा शेवटचा कार्यक्रम झाला, जानेवारी १९६९ मध्ये, तेव्हाही त्याच्या गळ्यात हॉफनरच होती. (ती पहिली, हॅम्बुर्गची, १९७२ साली चोरीला गेली आणि एक्कावन्न वर्षांनी सापडली, २०२४ च्या फेब्रुवारीत बातमी आली तेव्हा मला घरचंच कुणी सापडल्यासारखं वाटलं.) क्रीमचा जॅक ब्रूस गिब्सनची ईबी-३ वाजवायचा, आणि तो मिळमिळीत वाजवायचा असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. टॉकिंग हेड्सची टिना वेमाउथ मस्टँग वाजवायची. बरं, हे सगळे बारक्या हातांचे म्हणाल तर स्टॅनली क्लार्क घ्या. चांगला उंचापुरा माणूस, माणसाएवढा उभा डबल बेस लीलया हाताळणारा. तोही बेस गिटार घेतो ती अलेंबिकची, आखूड स्केलची.

उभ्या डबल बेसचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगते. ऑर्केस्ट्रात मोठमोठी माणसं जो डबल बेस वाजवतात तो बहुतेक वेळा 'पाऊण' मापाचा असतो. पूर्ण मापाचा असतो, पण क्वचित. पाऊण हेच तिथलं नेहमीचं माप. त्यांना कुणी म्हणत नाही, काका, हे खेळणं कशाला घेतलंत! आपल्याकडेही बायकांचा तानपुरा पुरुषांच्या तानपुऱ्यापेक्षा लहान असतो. सूर उंच, म्हणून तार आखूड. वाद्य माणसाच्या मापाचं करण्यात आपल्या लोकांना कधी कमीपणा वाटला नाही. तो या विजेच्या वाद्यांच्या पोरांनाच वाटतो.

आता मोजमाप. शाळेतली माझी लाकडी फूटपट्टी अजून आहे (तिचे इतर उपयोग माझ्या विद्यार्थ्यांना विचारावेत, मी सांगणार नाही). ३४ इंची बेसवर पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंत सुमारे १३० मिलिमीटर अंतर भरतं. ३० इंचीवर ११४. दीड सेंटीमीटरचा फरक. ऐकायला एवढासा वाटतो, पण करंगळीला विचारा! तारेचा ताणही कमी होतो. त्याच जाडीची तार त्याच सुराला लावली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो: तीस भागिले चौतीस, त्याचा वर्ग करा, ०.७८ येतं. म्हणजे सुमारे २२ टक्के कमी ताण. शिवाय पहिला पडदा अंगाच्या जवळ येतो, त्यामुळे डावा खांदा उघडून हात लांब करावा लागत नाही. माझ्यासारखीला याचाच फायदा सगळ्यात मोठा झाला.

कारण सांगते, एरवी सांगितलं नसतं. मुलगा २०१४ साली परदेशी गेला तेव्हा त्याची बेस कपाटामागे राहिली. आमच्या सोसायटीच्या जुन्या गाण्यांच्या गटात पेटीला दोघी, तबल्याला तिघे आणि खालच्या सुरांना कुणीच नाही, म्हणून मी ती काढली आणि बसता उठता शिकले. साडेचार किलोची. चार वर्षं वाजवली. मग डाव्या अंगठ्याच्या मुळाशी असं दुखायला लागलं की डब्याचं झाकण उघडेना. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि म्हणाले, "या वयात हा नाद कशाला?" सहा महिने वाद्याला हात लावला नाही. त्या सहा महिन्यांबद्दल मी इथे काही लिहिलं नव्हतं. कोजागरीला गट गच्चीवर बसला तेव्हा मी डोकं दुखतंय सांगून घरात बसले होते, आणि वरून गाणी ऐकू येत होती, खालचा सूर नसलेली. पुढे मापाची बेस घेतली. आज रोज चाळीस मिनिटं वाजवते, मध्ये थांबून. अंगठा कुरकुरतो, पण झाकण उघडतं.

तेव्हा भाच्या, तुझं 'खेळणं' मला कुठे लागलं ते कळलं असेल.

तुझा दुसरा मुद्दा, की आखूड तारेचा आवाज ढिला येतो. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. खालची ई तार स्वस्त वाद्यावर लोंबते, बोट जोरात मारलं तर सूर हलतो. त्याला दोन उपाय: थोडी जाड तार लावायची आणि हात हलका ठेवायचा. सपाट गुंडाळीच्या तारा लावल्या तर जुन्या हिंदी गाण्यांना तो गोल, मऊ 'ढुम' सुरेख बसतो. मात्र तारा आखूड स्केलच्याच मागवायच्या. लांब तार कापून चालवली तर तिचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि तुटतो. हे मी पैसे घालवून शिकले. शहरातल्या दुकानात त्या सहज मिळत नाहीत, दुकानातला मुलगा "आजी, तारा सगळ्या सारख्याच" म्हणतो. त्यानं माझा एक संच वाया घालवला.

पण तिसरा मुद्दा, "हात तयार करायला हवेत, दुखल्याशिवाय येत नाही", तो मात्र मला मुळीच मान्य नाही. एका पडद्याला एक बोट, असा ताणून हात लावायचा हाही काही देवाचा नियम नव्हे. सिमांडल नावाच्या जुन्या वादकाच्या पद्धतीत डबल बेसवर खालच्या जागी पहिलं, दुसरं आणि चौथं एवढीच बोटं वापरतात. तिसरं चौथ्याला टेकू देतं. शे-सव्वाशे वर्षं लोक असं शिकतायत. दुखणं ही साधनेची पावती आहे हे खूळ आपल्या डोक्यात फार खोल बसलंय.

माझ्याही होतं. १९८३ साली पाचवीच्या वर्गात एक डावखुरा मुलगा होता. मी त्याला उजव्या हातानं लिहायला लावलं. शिस्त म्हणून, त्याच्या भल्यासाठी म्हणून. आणि मग दोन वर्षं त्याच्या वहीवर 'अक्षर गिचमिड' असा शेरा मारत राहिले.

आमच्या खालच्या मजल्यावर नववीतली एक मुलगी आहे. हौसेनं बेसच्या क्लासला जायला लागली. क्लासच्या सरांनी ३४ इंची हातात दिली आणि बोटं ताणायचे व्यायाम. रडत यायची. "तुझी बोटंच लहान आहेत" असं सांगितलं तिला, आणि तिनं तीन महिन्यांत सोडलं. बोटं लहान आहेत हे निदान बरोबर होतं. औषध चुकलं.

आता अ‍ॅम्पकडे वळते, कारण तिथेही हेच सोवळं. मुलाचा जुना अ‍ॅम्प, पंधरा इंची स्पीकरचा, बत्तीस किलोचा. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि मी तिसऱ्या मजल्यावर. दर कार्यक्रमाला दोन माणसांची आर्जवं करायची आणि वर चहा पाजायचा. आताचा आहे तो आठ किलोचा. हे काही जादूनं झालं नाही. जुन्या अ‍ॅम्पमध्ये वजन असायचं ते लोखंड-तांब्याच्या ट्रान्सफॉर्मरचं, स्पीकरच्या फेराइट चुंबकाचं आणि जाड लाकडाच्या खोक्याचं. १९८० च्या दशकात निओडिमियमची चुंबकं आली, तेवढ्याच ताकदीला कितीतरी हलकी. मग क्लास डी पद्धतीचे अ‍ॅम्प आले, ज्यात ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद राहतो; उष्णता कमी, म्हणून ती बाहेर टाकायला अ‍ॅल्युमिनियमचं धूड लागत नाही. वीजपुरवठाही स्विचिंगचा, त्याचा ट्रान्सफॉर्मर चिमुकला. १९६९ सालचा अँपेगचा एसव्हीटी ३०० वॅटचा, त्याचं नुसतं डोकं ३५ किलोच्या वर. आज तेवढ्या वॅटचं डोकं तीन किलोच्या आत मिळतं, शबनममध्ये मावेल असं.

वॅटचा हव्यासही आवरा. वॅट दुप्पट केले की आवाज जेमतेम ३ डेसिबल वाढतो. ऐकताना दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. आमच्या सोसायटीच्या हॉलला चाळीस वॅट पुरतात, फक्त अ‍ॅम्प जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवायचा, तोंड कानाकडे करून. गुडघ्यांना ऐकू येत नाही हे लोक का विसरतात कळत नाही. छोट्या स्पीकरमधून ई तारेचा ४१ हर्ट्झचा मूळ सूर फारसा बाहेर पडत नाही हे खरं, पण वरचे स्वरांश ऐकून कान तो मनातच पुरा करतो. एक उणीव मात्र कबूल करते: हे हलके अ‍ॅम्प बिघडले की गल्लीतला दुरुस्तीवाला हात वर करतो. जुना वाल्व्हचा असेल तर तो उघडून बसायचा तरी.

घ्यायची असेल कुणाला तर (दोघींनी विचारलंय म्हणून) दुकानात उभ्यानं दोन मिनिटं वाजवून घेऊ नका. बिनहाताच्या खुर्चीवर बसून पंधरा मिनिटं वाजवा, तेही पहिल्या पडद्यावर, दुकानदार कितीही कंटाळला तरी. मग पट्टा लावून उभं राहा आणि दोन्ही हात सोडा. मान खाली झुकली तर ती बेस हलकी असूनही घेऊ नका, कारण मग डावा हात वाजवायचं सोडून तिला उचलून धरत बसतो. मी पहिल्यांदा वजनकाट्यावर भुलून अशीच एक जवळजवळ घेतली होती. नटाची रुंदी बघा, ३८ मिलिमीटर आणि ४१ यात लहान पंजाला खूप फरक पडतो. पट्टा तीन इंच रुंद घ्या. बाकी रंग आवडेल तो. माझा जांभळा आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

खालची मुलगी आता रविवारी चारला माझ्याकडे येते. मी काही शिकवत नाही, मलाच कुठे येतंय! दोघी मिळून आर. डी. बर्मनच्या गाण्यांतला बेस ऐकतो, तो शोधतो आणि चुकतो. परवा तिनं पहिल्या पडद्यावरचा एफ दाबला आणि माझ्याकडे बघितलं, दुखत कसं नाही म्हणून.

भाचा दिवाळीला येणार आहे. त्याला म्हटलंय, तुझी ती चौतीस इंची घेऊन ये, आपण फूटपट्टीनं मोजू. आणि गेल्या वर्षापासून अ‍ॅम्प उचलताना कमरेला बांधतोस तो डॉक्टरचा पट्टा, तोही विसरू नकोस.